गाडीची चावी देताना पहिल्या राउंडअबाउटबद्दलही बोला: एक खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र दोघांना मिळून लिहितेय. बाहेरून आलेल्या माणसांना भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्यांना, आणि रस्त्यांवर बोर्ड लावणाऱ्या, पट्टे मारणाऱ्या खात्यांना. आधी दोन वेगळी पत्रं लिहायला घेतली होती, पण मग लक्षात आलं की प्रत्येकाला वाटेल हे काम दुसऱ्याचं आहे, आणि नेमकं तसंच होत आलंय म्हणून तर हे लिहायची वेळ आलीये.

मी वीस वर्षं गाडी चालवतेय, सगळी रस्त्याच्या डाव्या बाजूने. पहिल्यांदा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात गाडी घेतली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आम्हाला चांगली वीस-पंचवीस मिनिटं दिली. गाडीभोवती फिरून एकेक ओरखडा दाखवला, फोटो काढायला लावले, इन्शुरन्सचे तीन प्रकार समजावले, टाकी फुल करून परत आणा, टोलचं असं, उशीर झाला तर तसं. अगदी आपुलकीने बोलला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रस्त्याबद्दल एक शब्द नाही. पार्किंगचं गेट उघडलं आणि चारेक मिनिटांत पहिला राउंडअबाउट, म्हणजे मधल्या बेटाभोवती गाड्या गोल फिरतात तो चौक, समोर आला, दोन लेनचा, पाच रस्ते येऊन मिळणारा.

तोपर्यंत मी मनात उजवी बाजू, उजवी बाजू असं घोकत होते आणि ते जमतही होतं, कारण पुढे एक गाडी होती, तिच्या मागे जायचं एवढंच काम. ती गाडी आत शिरून निघून गेली आणि मी एकटी उरले. माझी मान आपोआप उजवीकडे वळली. वीस वर्षं त्या बाजूनेच गाड्या आल्यात ना. उजवीकडे कोणी नव्हतं, म्हणून ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी पुढे सरकली तोच शेजारी बसलेला भाऊ ओरडला, "ताई, थांब थांब!" डावीकडून एक व्हॅन आली होती, ती आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर कचकन थांबली. त्या ड्रायव्हरचा चेहरा मला अजून दिसतो. तो चिडला नव्हता, घाबरला होता. मागे आई बसली होती, ती काहीच बोलली नाही, तिने फक्त पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

मग मी इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर करकर, आणि ते बंद कसे करायचे तेच सुचेना, कारण माझ्या गाडीत ज्या हाताला इंडिकेटर आहे त्या हाताला इथे वायपर होते. तेवढ्यात मोबाईल म्हणतोय तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा. तिसरी कुठली? मधे एका पेट्रोल पंपाकडे जाणारा फाटा होता, तो धरायचा की नाही? आणि जिथून फक्त गाड्या आत येतात, बाहेर जाताच येत नाही, असा एक रस्ता होता तो मोजायचा का? मी चक्क वर्तुळात गाडी थांबवायच्या बेतात होते. भाऊ म्हणाला, "थांबू नकोस, गोल फिर, परत एकदा गोल फिर." दोन चकरा मारल्या, वायपर बंद केले, बोर्ड वाचला आणि मग बाहेर पडलो. पुढे पहिली जागा मिळाली तिथे गाडी बाजूला घेतली, पाय थरथरत होते.

हे सगळं सविस्तर अशासाठी सांगतेय की अशी चूक झाली की लोक लगेच म्हणतात, येत नाही तर चालवता कशाला. पण मला गाडी येत होती. जरा जास्तच येत होती म्हणा, म्हणजे विचार न करता येत होती, आणि तोच घोळ झाला. सरळ रस्त्यावर माणूस सावध असतो, आपण उलट्या बाजूने चालवतोय हे डोक्यात पक्कं असतं. राउंडअबाउटला एका क्षणात चार गोष्टी कराव्या लागतात, वेग कमी करायचा, कोण येतंय बघायचं, लेन धरायची, एक्झिट मोजायची, आणि डोकं इतकं भरलं की शरीर जुन्या सवयीवर जातं. जी मान आयुष्यभर उजवीकडे वळली ती उजवीकडेच वळणार. डावीकडे चालणाऱ्या देशात आलेल्या उजवीकडच्या माणसाचं अगदी हेच, फक्त आरशात बघितल्यासारखं उलट. जगातले साधारण एक तृतीयांश लोक डावीकडून चालणाऱ्या देशांत राहतात आणि बाकीचे उजवीकडून, म्हणजे ही अडचण एखाद्या वेंधळ्या पर्यटकाची नाहीये, रोज विमानतळावर उतरणाऱ्या असंख्य माणसांची आहे.

राउंडअबाउट काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मला ते मनापासून पटतात. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्या एकमेकींच्या वाटेत येतील अशा ३२ जागा असतात, एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये त्या फक्त ८ राहतात. समोरासमोर धडक किंवा काटकोनात बसणारी धडक जवळजवळ होतच नाही, कारण सगळे एकाच दिशेने फिरतात आणि वेग साधारण ताशी २५ ते ४० किलोमीटरवर आलेला असतो. अमेरिकेत सिग्नल किंवा स्टॉपच्या पाट्या असलेल्या काही चौकांचे राउंडअबाउट केले, त्याचा अभ्यास २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, त्यात माणसं जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाल्याचं दिसलं. त्या व्हॅनचंच बघा ना. तिचा वेग कमी होता म्हणून ती थांबू शकली, हाच साधा चौक असता तर मी आज हे लिहीत बसले असते की नाही कोण जाणे.

पण राउंडअबाउट चालतो तो एका नियमावर, आत शिरणाऱ्याने थांबायचं आणि आत फिरणाऱ्याला जाऊ द्यायचं. हा नियम आपल्याला इतका सहज वाटतो की तो कायमच असणार असं वाटतं, पण तसं नाहीये. गोल वाहतूक बेटं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, न्यूयॉर्कचं कोलंबस सर्कल १९०५ चं. हा नियम मात्र ब्रिटनमध्ये सगळीकडे लागू झाला १९६६ मध्ये. त्याआधी गर्दीच्या वेळी नवीन गाड्या आत घुसत राहायच्या, आतल्यांना बाहेर पडायला जागा उरायची नाही आणि अख्खं वर्तुळ गच्च अडकून बसायचं. फ्रान्समध्ये तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायची जुनी पद्धत होती, म्हणजे आतल्यांनी आत येणाऱ्यांसाठी थांबायचं. १९८४ मध्ये तिथे नवा नियम आला आणि वर्तुळाच्या तोंडाशी 'तुम्हाला प्राधान्य नाही' अशा पाट्या लागल्या, पण पॅरिसमध्ये आर्क द त्रिओंफ या विजयकमानीच्या भोवती आजही जुनी पद्धतच चालते. आइसलंडमध्ये दोन लेनच्या राउंडअबाउटमध्ये आतल्या लेनची गाडी बाहेर पडताना बाहेरच्या लेनमधल्या गाडीने तिला वाट द्यायची असते. जिथे असा नियम नाही तिथून आलेला माणूस बाहेरच्या लेनमधून सरळ पुढे जात राहणार आणि आतून बाहेर पडणारी गाडी त्याच्या दारावर येणार. त्याने कुठलाही नियम मुद्दाम मोडलेला नसतो, त्याला तो कोणी सांगितलेलाच नसतो.

इथे कोणी म्हणेल की इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असतं की. असतं, पण ते काय आहे ते एकदा उघडून बघा. आपल्या लायसन्सचं वेगवेगळ्या भाषांतलं भाषांतर आहे ते. तुम्हाला त्या देशाचे नियम येतात असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही आणि ते मिळायला कोणी त्या देशाची परीक्षाही घेत नाही. काउंटरवर ते बघून मान डोलावली म्हणजे खात्री झाली असं धरू नका.

तर आधी गाडी देणाऱ्यांना.

तुम्ही त्या वीस-पंचवीस मिनिटांतली पाच मिनिटं मला द्या. ओरखडे दाखवून झाले की गिऱ्हाईकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, इंजिन बंद ठेवूनच, आणि इंडिकेटर दोन्ही बाजूंना चारचार वेळा द्यायला सांगा. वायपर लावून बंद करायला सांगा. मग विचारा, "राउंडअबाउटला कुठल्या बाजूला बघणार?" आणि त्याला तोंडाने नाही, मान वळवून उत्तर द्यायला सांगा. हे लहान मुलांसारखं वाटेल, वाटू दे. माझी मान एकदा जरी त्या पार्किंगमध्ये डावीकडे वळली असती तरी चार मिनिटांनी ती पुन्हा वळायची थोडी तरी शक्यता होती. काचेच्या कडेला जो खांब असतो ना, त्याच्याआड एक अख्खी सायकल लपते हेही तिथेच सीटवर बसवून दाखवता येतं. नेहमीच्या गाडीत आपण बसतो एका बाजूला, इथे दुसऱ्या, त्यामुळे तो खांब आता नेमका जिकडून गाड्या येणार त्या बाजूला अगदी डोळ्यांजवळ येतो.

मग एक छापील कागद. मोठा माहितीपत्रक नको, ते कोणी वाचत नाही, ते दाराच्या कप्प्यात पडून राहतं. एका बाजूला राउंडअबाउटचं चित्र, कुठल्या बाजूला बघायचं, कुठल्या दिशेने फिरायचं, इंडिकेटर कधी द्यायचा, आणि मागच्या बाजूला तुमच्या गेटपासून हायवेपर्यंतचा रस्ता, पहिले तीन-चार राउंडअबाउट खुणा करून. तुमच्या गेटमधून रोज गाड्या बाहेर पडतात, पहिला राउंडअबाउट सगळ्यांना तोच लागतो, तो कसा आहे हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? जमलं तर मोठा दोन लेनचा टाळून जाणारा रस्ताही दाखवा, पाच मिनिटं जास्त लागली तर लागू देत. न्यूझीलंडमध्ये स्टिअरिंगला अडकवायची पट्टी देतात, डावीकडून चाला वगैरे मोजक्या सूचना लिहिलेली. मला ही कल्पना फार आवडते, कारण गाडीत बसलं की ती डोळ्यांसमोरच येते.

आणि एक वाक्य तर प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगाच, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नको. एक्झिट चुकली तर पुन्हा गोल फिरा. थांबू नका, रिव्हर्स घेऊ नका, आतल्या लेनमधून एकदम बाहेर घुसू नका, फक्त अजून एक चक्कर मारा. नव्या माणसाला हे माहीत नसतं असं नाही, पण त्याला लाज वाटते, मागचे लोक काय म्हणतील, मोबाईल आता ओरडेल, आणि त्या घाईत तो जिथे जाऊ नये तिथून वळतो. काउंटरवरच्या माणसाने हसून सांगितलं असतं ना की ताई, दोन काय चार चकरा मारा, इथले लोकही मारतात, तर माझ्या जिवाची अर्धी घालमेल तिथेच कमी झाली असती.

रात्रभर विमानात बसून, झोप न झालेल्या माणसाच्या हातात चावी देताना जरा त्याच्या डोळ्यांकडेही बघा. आज इथेच थांबा, गाडी उद्या सकाळी न्या, जास्तीचे पैसे लागणार नाहीत, एवढं म्हणता आलं तर तुम्ही कोणाचा तरी जीव वाचवाल, आणि हे मी उगाच भावनेच्या भरात लिहीत नाहीये.

आता रस्त्यांच्या खात्यांना.

तुमचं काम चांगलं असतं तिथे ते किती चांगलं असतं हे आम्हाला बाहेरच्यांना सर्वात आधी कळतं. निळ्या गोलात तीन पांढरे बाण असलेला बोर्ड अनेक देशांत सारखाच असतो आणि तो बघितला की कुठल्या दिशेने फिरायचं ते भाषा न येताही कळतं. ब्रिटनमध्ये राउंडअबाउटच्या आधी नकाशासारखा बोर्ड असतो, वर्तुळ आणि त्यातून निघणारे रस्ते, मोठा रस्ता जाड रेषेने आणि छोटा बारीक रेषेने. तो बघून एक्झिट मोजावीच लागत नाही, चित्र डोक्यात बसतं. काही ठिकाणी लेनवरच रस्त्याचा नंबर रंगवलेला असतो, म्हणजे मान वर न करता कळतं की आपण बरोबर आहोत. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात टर्बो राउंडअबाउट निघाला, त्यात आत शिरायच्या आधीच लेन निवडायची आणि मग लेनच तुम्हाला बाहेर सोडते, मधे बुटके कठडे असतात म्हणून आत लेन बदलताच येत नाही. नव्या माणसासाठी याहून चांगलं काय, फक्त लेन आधी निवडायची म्हणजे बोर्ड भरपूर आधी हवा.

आणि हा 'भरपूर आधी' फार महत्त्वाचा आहे. तुम्ही बोर्ड लावता तेव्हा रोज जाणाऱ्या माणसाच्या नजरेने लावता, त्याला तो वाचावाच लागत नाही. आम्ही परकी नावं एकेक अक्षर लावत वाचतो, ते मोबाईलवरच्या नावाशी ताडून बघतो, कधी शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो, आणि तोवर वर्तुळ आलेलं असतं. एक बोर्ड लांबून, दुसरा लेन निवडायच्या जागी, आणि मग प्रत्येक एक्झिटच्या तोंडाशी त्या रस्त्याचं नाव, असं असेल तर बाहेरचा माणूस निवांत चालवतो. प्रत्येक एक्झिटवरचं नाव तर कितीतरी ठिकाणी नसतंच, किंवा असतं ते झाडाच्या फांदीमागे.

विमानतळाच्या, बंदराच्या, सीमेच्या नंतरचा जो पहिला राउंडअबाउट असतो, त्याला वेगळी वागणूक द्या एवढी माझी मुख्य मागणी आहे. सगळ्या शहरात करा असं म्हणतच नाहीये. तिथे शिरायच्या रेषेच्या आधी जमिनीवर मोठ्या अक्षरात आणि बाण काढून लिहा, कुठल्या बाजूला बघायचं ते. पायी चालणाऱ्यांसाठी लंडनच्या रस्त्यांवर 'उजवीकडे बघा', 'डावीकडे बघा' असं लिहिलेलंच असतं, कारण बाहेरून आलेले लोक चुकीच्या बाजूला बघून रस्ता ओलांडतात. ज्या माणसाची चालताना मान चुकीकडे वळते त्याची गाडी चालवताना वळणार नाही का? ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये पर्यटकांच्या रस्त्यांवर आपली बाजू दाखवणारे बाण जमिनीवर रंगवलेत, तोच रंग, तीच माणसं, एक दिवसाचं काम. मधल्या बेटावर आत शिरणाऱ्यासमोर दिशा दाखवणारे काळे-पांढरे मोठे बाण ठेवा आणि रात्री दिसतील असे ठेवा. राउंडअबाउटमधून बाहेर पडल्यावर लगेच एक बाण अजून हवा, कारण वर्तुळात फिरताना सगळे बरोबर फिरतात पण रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडलं की जुनी सवय परत डोकं वर काढते आणि माणूस आपल्या देशातल्या बाजूला जाऊन बसतो. त्याच जागी बहुतेक वेळा चालणाऱ्यांसाठी झेब्रा क्रॉसिंगही असतं. सुटलो बुवा एकदाचे असं वाटून ड्रायव्हर तिथे ॲक्सिलरेटरवर पाय देतो, म्हणून ते क्रॉसिंग लांबून दिसलं पाहिजे, तिथे दिवा पाहिजे.

पट्ट्यांचा रंग उडालेला असेल तर सांगायलाच नको. रोजच्या माणसाला पुसट पट्टा चालतो, त्याच्या डोक्यात लेन पाठ असते. आम्हाला जे दिसतं तेवढंच आहे.

आणि काही खर्च न करता एक गोष्ट होऊ शकते, दोघांनी एकमेकांशी बोला. कुठल्या राउंडअबाउटला भाड्याच्या गाड्या सारख्या ठोकल्या जातात हे कंपन्यांच्या दुरुस्तीच्या कागदांत असतं, आणि ते कागद रस्त्याच्या खात्याकडे कधी जात नाहीत. किरकोळ पोचा असेल तर पोलिसांत नोंदही होत नाही. म्हणजे ज्यांना जागा माहीत आहे ते रंग मारत नाहीत आणि जे रंग मारतात त्यांना जागा माहीत नाही. वर्षातून दोनदा एकत्र बसून एका नकाशावर टिंबं मांडली तरी पुरे.

जाता जाता तिथल्या रोजच्या ड्रायव्हरांना पण एक विनंती, हे पत्र त्यांच्यापर्यंत गेलंच तर. पुढची गाडी वर्तुळाच्या तोंडाशी उगाच थबकलीये असं दिसलं तर हॉर्न देऊ नका. हॉर्न वाजला की घाबरून पाय ब्रेकवरून निघतो, आणि मग ती गाडी नेमकी नको तेव्हा आत जाते. बाहेर पडताना तुमचा इंडिकेटर द्या, तुम्ही तो देत नाही तेव्हा आम्ही तिथे उभे राहून तुम्ही कुठे जाणार याचा अंदाज बांधत बसतो. लांबलचक ट्रकच्या शेजारून वर्तुळात शिरायचं नसतं, त्याला वळायला दोन्ही लेन लागतात, हे आम्हाला माहीत नसतं, पण तुम्ही मागे थांबलात तर तुमचं बघून आम्हीही थांबतो. माझ्या पुढे ती गाडी होती तोवर मी बरोबर चालवत होते, हे मी वर लिहिलंच आहे.

आईने त्यानंतर दोन दिवस पुढच्या सीटवर बसायचा हट्ट केला. प्रत्येक राउंडअबाउट आला की ती माझ्या आधी डावीकडे बघायची आणि म्हणायची, "आहे गं एक, थांब," किंवा "कोणी नाही, जा." तिला गाडी चालवता येत नाही, तिने कधी स्टिअरिंग हातात धरलेलं नाही. पण तिच्या मानेला वीस वर्षांची उलटी सवय नव्हती, म्हणून तिचं बरोबर यायचं. तिसऱ्या दिवशी माझी मान आपणहून वळायला लागली तेव्हा ती मागे जाऊन बसली.

पुढच्या वेळी गाडी घ्यायला येईन तेव्हा काउंटरवर मीच विचारणार आहे की गेटच्या बाहेरचा पहिला राउंडअबाउट कसा आहे, किती लेनचा, किती रस्त्यांचा. तिथे बसलेल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमची,
बाहेरून येऊन तुमच्या रस्त्यावर गाडी चालवणारी एक बाई